मध्यमा

आरंभाचें कौतुक करावयास सारें जग तयार असतें. मूल पहिलें पाऊल टाकतें तेव्हां घरांतील मंडळी हातांतलें काम टाकून धांवत येतात. शेवटाचाहि मान मोठा. पदवीदान असो कीं षष्ट्यब्दिपूर्ति असो, हार-तुरे ठरलेले. परंतु पहिल्या पावलापासून शेवटच्या हारापर्यंत जो लांबलचक रस्ता पडलेला असतो, त्याकडे लक्ष देण्यास कोणास सवड नसते. आमच्या वडिलांच्या वेळीं महाविद्यालयांत 'इंटर' नांवाचें एक वर्ष असे. मॅट्रिकच्या आठवणी वडील रंगवून सांगत, बी. ए. च्या त्याहून रंगवून, पण इंटरमध्यें काय झालें असें विचारलें म्हणजे त्यांचा चेहरा कोरा होई आणि ते म्हणत, "काय होणार? अभ्यास केला."

संगीतांतहि असें एक इंटर आहे. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांची शिडी ज्यांच्या घरांत येऊन गेली आहे, त्यांस तें सांगावयास नको. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद आणि अलंकार अशा त्या शिडीच्या पायऱ्या. प्रवेशिकेपर्यंत मुलें आनंदानें चढतात. चार सरगमगीतें, पांच-सहा छोटे ख्याल, गणेशोत्सवांत म्हणावयास एखादें भजन. आजी-आजोबा तृप्त होतात आणि शेजारीहि तक्रार करीत नाहींत. मध्यमेच्या सुमारास मात्र रंग पालटतो. विलंबित ख्याल पुढें येतो, आणि त्याची एकेक मात्रा एवढी लांब असते कीं मुलाला तींत आपण हरवलों असें वाटतें. आपलें चुकलें हें कानाला कळूं लागतें, पण तें दुरुस्त करणें गळ्याला साधत नाहीं. कौतुक संपलेलें असतें आणि कला आलेली नसते. गाणें सुटतें तें बहुधा येथेंच.

आमचेंहि येथेंच सुटलें. मध्यमा झाली, बारावीची परीक्षा आली, पेटीवर अभ्रा चढला, आणि पुढचीं तीस वर्षें मुलांना शेक्सपिअर समजावून देण्यांत गेलीं. वाणीच्या परा, पश्यंती, मध्यमा आणि वैखरी अशा चार अवस्था आपल्या जुन्या शास्त्रकारांनीं मानल्या आहेत. मध्यमा म्हणजे शब्द मनांत तयार आहे, पण ओठांवर आलेला नाहीं, ती अवस्था. त्या अर्थानेंहि आमचें गाणें मध्यमेंतच राहिलें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

२०२० सालच्या मार्चची २५ तारीख उजाडली आणि सारा देश दाराला कडी लावून घरांत बसला. आमच्या इमारतींत बरोबर आमच्या डोक्यावरच्या मजल्यावर एक बारा वर्षांची मुलगी राहत असे. ती पलीकडच्या गल्लींतील एका बाईंच्या वर्गांत गाणें शिके. बाई वृद्ध, वर्ग बंद झाला तो झालाच. त्याच आठवड्यांत न्यू जर्सीहून आमच्या धाकट्या बहिणीचा फोन आला. तिचा मुलगा अकरा वर्षांचा. तिकडे एका मराठी गृहस्थांच्या घरीं दर रविवारीं तो शिकावयास जात असे. तेंहि बंद पडलें होतें. "दादा, तूं घरींच आहेस ना? मग पोराला घेऊन बैस कीं जरा," बहीण म्हणाली. दोन्ही मुलें प्रवेशिकेचा अभ्यास उरकून मध्यमेच्या उंबऱ्यावर उभीं होतीं. ज्या पायरीवर आम्ही चाळीस वर्षांपूर्वीं बसकण मारली होती, नेमक्या त्याच पायरीवर आमचे पहिले शिष्य येऊन ठेपावेत, ह्यांत दैवाचा कांहीं विनोद असावा. आम्हीं पेटीवरचा अभ्रा काढला.

टॅब्लेट तोंडासमोर यावा म्हणून त्याखालीं कांहीं उंच बैठक हवी होती. शेक्सपिअरच्या समग्र नाटकांचा जाड ग्रंथ आणि त्यावर मोल्सवर्थचा कोश, अशी ती जमली. तीस वर्षांत ह्या पुस्तकांचा घराला झालेला हा पहिलाच उपयोग होय, असा अभिप्राय पत्नीनें दिला. वरच्या मुलीचा पाठ बुधवारीं व शनिवारीं सकाळीं, आणि भाच्याचा शनिवारीं संध्याकाळीं सातला, म्हणजे तिकडे सकाळीं साडेनऊला, असें ठरलें. वरची मुलगी आमच्यापासून दहा फुटांवर आणि भाचा साडेबारा हजार किलोमीटरांवर. पण त्या दिवसांत दोघांकडे जाण्याचा रस्ता एकच होता, आणि तो त्या चौकोनी कांचेंतून जात होता.

पहिल्याच दिवशीं तंबोरा नाहींसा झाला. आमच्याजवळ विजेवर चालणारा तंबोरा होता; तो सुरू करून आम्हीं षड्ज लावला, तर भाचा विचारतो, "मामा, तंबोरा कधीं लावणार?" तंबोरा आमच्या मांडीशीं वाजत होता आणि त्याच्यापर्यंत त्याचा लवलेशहि पोंचत नव्हता. मागाहून उलगडा झाला तो असा: हीं यंत्रें बोलण्याकरितां केलेलीं आहेत. माणसाचें बोलणें तुटक असतें. म्हणून जो ध्वनि एकसारखा, न तुटतां चालतो तो पंख्याचा किंवा मोटारीचा गोंगाट असला पाहिजे, असें समजून यंत्र तो परस्पर गाळून टाकतें. ज्या ध्वनीवर आमचें सारें संगीत उभें आहे, तो यंत्राच्या मतें पंखा ठरला होता. मुलानें लावलेला लांब 'सा' कांहीं क्षणांनीं विरून जाई तोहि ह्याच कारणानें. आणि आम्ही त्याला दम वाढविण्याचा उपदेश करीत बसलों होतों. यंत्राच्या पोटांत मूळ ध्वनि जसाचा तसा पाठविण्याची एक सोय दडलेली असते. ती आम्हांस दाखवून दिली ती भाच्यानेंच.

तंबोऱ्याचा हा प्रकार हसण्यावारी गेला. पण पुढचा तसा गेला नाहीं.

मे महिन्यांत आम्हीं भूपांतील एक मध्यलयीची चीज तीनतालासह घेतली. विजेचा तबला आमच्याकडे लावला आणि भाच्यास गावयास सांगितलें. त्याचा गळा गोड, स्वरहि चोख. पण ताल मुळींच सांपडेना. सम आमच्याकडे पडे, आमची मान हले, आणि मग गाडी चुकलेल्या प्रवाशासारखी त्याची सम मागाहून येई. "मागें पडतोस," आम्हीं सांगितलें. त्यानें पुन्हां म्हटलें, पुन्हां मागें. "ठेका ऐक, नुसतें म्हणूं नकोस." तो म्हणाला, "मामा, माझ्याकडे बरोबर येतंय." ह्यावर आम्हीं जें उत्तर दिलें तें वर्गांत तीस वर्षें उत्तरें देण्याची संवय लागलेल्या माणसाचें उत्तर होतें. आम्हीं म्हटलें, "ताल सगळीकडे एकच असतो. तुझ्याकडचा निराळा आणि माझ्याकडचा निराळा असा तो नसतो."

मुलगा आज्ञाधारक. पुढच्या शनिवारीं तो घाई करून गाऊं लागला. आम्हांस जरा बरें वाटलें. त्याला मात्र घाम फुटला. त्यापुढच्या शनिवारीं त्यानें दोन आवर्तनें म्हटलीं, मध्येंच थांबला, आणि खालीं पाहूं लागला. चौथ्या शनिवारीं तो आलाच नाहीं. पोट दुखतें, असा निरोप आला. पांचव्या शनिवारीं डोकें दुखत होतें. मग बहिणीनें खरें तें सांगितलें. "दादा, तो म्हणतो, मला ताल नाहीं. गाणें बंद करूं या म्हणतो."

'मला ताल नाहीं' हें वाक्य त्याचें नव्हते. तें आमचें होतें. आणि खरें सांगावयाचें तर तें आमचेंहि मूळचें नव्हते. बारावीच्या परीक्षेमुळें आमचें गाणें सुटलें असें वर लिहिलें आहे, तें लोकांना सांगण्याचें कारण होय. आम्ही सोळा-सतरा वर्षांचे असतांना एका लहानशा बैठकींत आम्हांस गावयास बसविलें होतें. गाणें आटोपल्यावर एका जाणत्या गृहस्थांनीं तपकिरीची चिमूट ओढतां ओढतां, "आवाज आहे, पण ह्याला ताल नाहीं," असा शेरा मारला. त्यांना तो दुसऱ्या दिवशीं आठवलाहि नसेल. आम्हीं घरीं येऊन पेटी बंद केली. त्या दिवशीं आम्ही खरोखरच चुकलों होतों कीं नाहीं हें आतां सांगतां येणार नाहीं. पण तें वाक्य चाळीस वर्षें आमच्यापाशीं राहिलें, आणि पहिली संधि मिळतांच एका अकरा वर्षांच्या मुलाच्या हातांत आम्हीं तें देऊन टाकलें.

गंमत अशी कीं, त्याच दिवसांत वरची मुलगीहि मागें पडूं लागली होती. दोन निराळ्या घरचीं, निराळ्या गुरूंचीं दोन मुलें एकाच महिन्यांत, आणि तींहि सारख्याच अंतरानें, बेताल कशीं झालीं, हा प्रश्न तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाहि पडला असता. आम्हांस तो पडला नाहीं. शिक्षकाच्या हातून जेव्हां सर्वच मुलांचें एकसारखें चुकूं लागतें, तेव्हां चूक मुलांपाशीं शोधूं नये, एवढें साधें गणित आम्ही विसरलों होतों.

तें उलगडलें एका बुधवारीं. आम्ही कानांत इयरफोन घालून शिकवीत असूं. त्या दिवशीं तो बिघडला होता. उन्हाळा असल्यामुळें खिडक्या उघड्या होत्या. रस्त्यावर वाहन नव्हतें, आणि शहर इतकें शांत होतें कीं वरच्या घरांतील भांडें खालीं वाजलेलें ऐकूं यावें. मुलीनें चीज सुरू केली. आणि आम्हांस ती दोनदां ऐकूं आली: एकदां खिडकींतून, आणि मग, पाऊल चुकल्यासारखी, टॅब्लेटमधून. सज्जांत कपडे वाळत घालीत असलेली पत्नी आंत डोकावून म्हणाली, "वरून येतें तें आधीं येतें आणि यंत्रांतून येतें तें मागून. तुम्ही कोणत्या मुलीला रागावतां?"

आम्ही पेटी सोडून तसेच बसून राहिलों. मुलीचा आवाज टॅब्लेटमधून उशीरानें येत होता, तसाच आमचा ठेका तिच्याकडे उशीरानें जात असला पाहिजे. ठेका जातांना उशीर, आवाज येतांना उशीर. दोन्ही मिळून अर्ध्या सेकंदाच्या आसपास. मध्यलयींत मिनिटाला १२० मात्रा धरल्या तर अर्धा सेकंद म्हणजे नेमकी एक मात्रा. भाचा आपल्या कानावर पडणाऱ्या ठेक्यावर अगदीं बरोबर सम घेत होता. ती सम आमच्यापर्यंत येईस्तोंवर येथें दुसरी मात्रा उजाडत होती. आणि आम्ही घाई कर म्हणून सांगितल्यावर त्यानें जी घाई केली ती ऐकूं येणाऱ्या ठेक्याच्या पुढें धांवून. आमच्या कानाला तालांत वाटावें म्हणून त्या मुलाला स्वतःच्या कानाला बेताल व्हावें लागत होतें. घाम फुटला तो त्यामुळें.

मग आम्हीं थोडें वाचलें, थोडें विचारलें. वाऱ्यांतून ध्वनि सेकंदाला सुमारें ३४० मीटर जातो; म्हणजे दहा मीटरांवर बसलेल्या साथीदाराचा आवाज सेकंदाच्या सुमारें तीन-शतांश उशीरानें पोंचतो. वादकांना एकमेकांबरोबर राहणें जमतें तें साधारण तेवढ्याच उशीरापर्यंत. त्यापुढें एकजण दुसऱ्याची वाट पाहूं लागतो आणि लय ढासळते. बैठकींत तबलजी गवयाच्या हाताशीं बसतो त्याला शोभेपलीकडे हें कारण आहे. आतां न्यू जर्सीचें पाहूं. संदेश जातो तो कांचेच्या तंतूंतून, प्रकाशाच्या रूपानें. पण कांचेंत प्रकाशहि सेकंदाला सुमारें दोन लक्ष किलोमीटरच चालतो. पुण्यापासून तिकडे सरळ रेषेंत तार ओढली तरी जाऊन येण्यास सेकंदाच्या बारा-शतांशाहून अधिक वेळ लागणारच. यंत्र कितीहि महागाचें आणलें तरी हा हिशेब चुकावयाचा नाहीं. पुण्यांतला मामा आणि न्यू जर्सीचा भाचा ह्यांना एका तालांत एकत्र गातां येणार नाहीं, असा निसर्गाचाच निर्बंध आहे. आम्ही त्याचा दोष एका मुलाच्या अंगीं लावून मोकळे झालों होतों.

शनिवारची वाट न पाहतां आम्हीं दुसऱ्याच दिवशीं पहाटे फोन केला. तिकडे रात्र होती. प्राध्यापकाला 'चुकलों' म्हणण्याचा सराव फारसा नसतो, त्यामुळें आम्हीं आधीं तारा, प्रकाश, मात्रा असें पुष्कळ बोललों. मुलगा गप्प होता. शेवटीं त्यानें विचारलें, "म्हणजे मी बरोबर होतो?" "होतास," आम्हीं म्हटलें, "आणि मी तुला तीन शनिवार चूक म्हणत होतों. तुला ताल आहे. मामा चुकला." पलीकडे थोडा वेळ कांहीं ऐकूं येईना, तो तारेचा उशीर नसावा. मग तो म्हणाला, "ओके. मग तू तिथं तबला लावूंच नकोस. मी इथं लावतो, आणि तू नुसतं ऐक."

आमच्या साऱ्या अध्यापनशास्त्रावर त्या अकरा वर्षांच्या मुलाचें हें एक वाक्य पुरून उरलें. तंबोरा त्याच्याकडे, ठेका त्याच्याकडे. आमचें यंत्र 'म्यूट'. तो गाणार आणि आम्ही तोंड न उघडतां ऐकणार. चीज संपली म्हणजे मग आम्हीं बोलावें. कांहीं समजावून द्यावयाचें असेल तर आपला आलाप आधींच ध्वनिमुद्रित करून पाठवावा. त्यानें तो आठवडाभर ऐकून आपला पाठवावा. सांगावयास सोपें आहे; पण चुकीचा स्वर ऐकत असतां तो संपेपर्यंत गप्प राहणें किती कठीण आहे, हें शिक्षकांनीं एकदां करून पाहावें. पूर्वीं मुलगा घसरूं लागला कीं आम्ही पेटीचा स्वर जोरानें दाबून त्याला सांवरीत असूं. आतां सांवरतां येत नव्हतें. आणि मग दिसूं लागलें कीं पुष्कळदां मूल आपण होऊन सांवरतें. तीव्र मध्यम किंचित् उतरला तर पुढच्या आवर्तनांत तें स्वतःच चढवून घेतें. आमचा हात आड येत होता म्हणून हें आजवर आमच्या नजरेस आलें नव्हतें.

वरच्या मुलीच्या बाबतींत निराळेंच कांहीं उघडकीस आलें. ती वर्गांत आठ मुलींत बसून गात असे. आवाज सुरेल, पाठांतर पक्कें. पण आम्ही 'म्यूट' झालों आणि एकटीनें गावयाची वेळ आली तेव्हां दोन ओळींनंतर ती थांबली आणि कांचेकडे पाहत राहिली. तिचें कांहीं चुकलें नव्हतें; आधाराला शेजारणीचा आवाज नव्हता, इतकेंच. चार वर्षें ती गात आली होती, पण एकटी अशी एकदांहि गायली नव्हती, हें तिच्या बाईंच्या, आई-वडिलांच्या किंवा तिच्या स्वतःच्याहि ध्यानांत आलें नव्हतें. दोन मिनिटें एकटीनें गावयास तिला आषाढ उजाडला. श्रावणांत एके दिवशीं तिनें भूपाचा आलाप आणि चीज अशी पंधरा मिनिटें न थांबतां म्हटली. त्या दिवशीं आम्हीं टॅब्लेट बंद केला आणि नुसत्या खिडकींतून ऐकलें. समोरच्या इमारतीच्या सज्जांत चार-पांच माणसें तोंडाला मुसकीं बांधून उभीं होतीं, आणि चीज संपल्यावर त्यांनीं टाळ्या वाजविल्या.

दुरून शिकविण्याच्या ह्या प्रकारास नांवें ठेवणारे पुष्कळ आहेत. त्यांत आम्हीहि होतों. पण थोडें मागें वळून पाहिलें म्हणजे हें भांडण नवें नाहीं असें दिसतें. १९०१ सालीं पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढलें आणि गुरूच्या घरची विद्या फळा, वर्ग आणि परीक्षा ह्यांत आणली. पंडित भातखंड्यांनीं घराण्याघराण्यांतून चिजा मिळवून त्या स्वरलिपींत बांधल्या आणि क्रमिक पुस्तकांचे सहा भाग लोकांच्या हातीं दिले. कागदावरून गाणें येतें काय, हा आक्षेप तेव्हांहि होताच. तबकड्या आल्या, १९०२ सालीं कलकत्त्यांत गौहरजानचें गाणें मुद्रित झालें, आणि जें तासभर फुलावयाचें तें सुमारें तीन मिनिटांत मावूं लागलें. पण अशाच एका तबकडीनें काय केलें पाहा. अब्दुल करीमखांसाहेबांची झिंझोटीतील ठुमरी ऐकून गदगचा एक अकरा वर्षांचा मुलगा १९३३ सालीं घर सोडून निघाला. ग्वाल्हेरपासून जालंदरपर्यंत गुरूच्या शोधांत हिंडला, आणि शेवटीं घराजवळच, कुंदगोळास, त्याच खांसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व ह्यांच्या पायांशीं येऊन बसला. तो मुलगा म्हणजे भीमसेन जोशी. तहान लावण्याचें काम तबकडीनें केलें. ती भागविण्यास मात्र गुरूचें घर लागलें. आमच्या कांचेचीहि योग्यता एवढीच समजावी, कमी नको आणि अधिकहि नको.

ह्या उद्योगांत आम्हांस मिळालेला एक आनंद मात्र कोणत्याहि गुरुगृहीं मिळाला नसता. जूनमध्यें एका शनिवारीं भाच्यानें विचारलें, "मामा, भूप रात्रीचा ना? इथं तर सकाळ आहे." आमच्याकडे दिवेलागण झाली होती, त्याच्या पाठीमागच्या खिडकींत ऊन चढत होतें. तेव्हां आम्हीं त्याला देशकार सांगितला. भूपाचेच पांच स्वर, सा, रे, ग, प, ध. त्यांत एक अधिक नाहीं, एक उणा नाहीं. पण भूप गंधारावर घर करतो, खालच्या अंगानें शांतपणें हिंडतो, आणि संध्याकाळनंतर शोभतो. देशकाराचा जीव धैवतावर. तो वरच्या षड्जाकडे झेपावतो, आणि त्याची वेळ सकाळची. हा भेद पाठ करून कळत नाहीं. कोठें थांबावयाचें आणि कोठून नुसतें जावयाचें, एवढ्यांत तो आहे; मध्यमेचा खरा अभ्यास तो हाच. पुढें कित्येक शनिवार आमचा असा खेळ चाले: आम्हीं इकडून भूपाचा एक आलाप घ्यावा, आणि त्यानें तिकडून त्याच स्वरांत देशकारानें उत्तर द्यावें. आमच्याकडे रातकिडे आणि त्याच्याकडे चिमण्या. ताल सगळीकडे एकच असतो, असें ह्याच मुलाला आम्हीं ठणकावून सांगितलें होतें. येथें तर तेच पांच स्वर एकाच क्षणीं दोन घरांत दोन राग होऊन बसले होते.

ह्यावरून सारें गोडच होतें असें कोणीं समजूं नये. मुलाची मान किती ताठ आहे, खांदे उचलले जातात काय, श्वास पोटांतून येतो कीं छातींतून, हें त्या कांचेंत धड दिसत नाहीं. गुरूच्या मागें तंबोरा धरून बसल्यानें जें नकळत अंगांत उतरतें तें येथें कोठून यावें? आणि आमचीं हीं दोन मुलें भाग्यवान. त्यांना स्वतःचें यंत्र होतें, बसावयास खोली होती. त्याच महिन्यांत आम्ही महाविद्यालयाचे वर्गहि असेच घेत होतों. तेथें घरांत एकच फोन आणि शिकणारीं भावंडें तीन, असे विद्यार्थी होते; जोडणी मिळावी म्हणून पाऊस पडत असतां गच्चीवर छत्री धरून बसणारे होते. हजेरी घेतांना कित्येक नांवांना उत्तर येत नसे. तो मात्र कांहीं मात्रांचा उशीर नव्हता.

२०२२ च्या उन्हाळ्यांत बहीण मुलाला घेऊन पुण्यास आली. तो तेरा वर्षांचा झाला होता, आमच्या खांद्याशीं लागला होता, आणि त्याचा आवाज फुटूं लागला होता. षड्ज चार पट्ट्या खालीं उतरला होता आणि मधूनच कोठें तरी निसटत होता. म्हणजे मध्यमेंत आणखी एक मध्यमा. आम्हीं एका मित्राकडून खरा तंबोरा मागून आणला. वरची मुलगीहि खालीं आली. तिघे सतरंजीवर बसलों. आम्हीं भूपाचा एक लहानसा आलाप घेऊन त्याच्याकडे पाहिलें. तो थांबला, एक क्षण, जवळजवळ एक मात्रा. मग त्यानें उत्तर दिलें. आम्हीं दुसरा आलाप घेतला. पुन्हां तसाच थांबला.

"मध्यें कां थांबतोस रे?" आम्हीं विचारलें.

तो ओशाळला. "तुझं येऊन पोंचूं दे म्हणून," तो म्हणाला.

दोन वर्षें तो आमच्याकरितां असा थांबत आला होता. आम्हांस हें ठाऊकहि नव्हतें. आम्हीं त्याला सांगितलें कीं, आतां लगेच पोंचतें. तूं थांबूं नकोस. आणि तिघांनीं मिळून एकदम षड्ज लावला. त्याचा आवाज थरथरला, वरच्या मुलीचा स्थिर राहिला, आमचा खरखरीत होता तो तसाच निघाला. स्वयंपाकघरांतून भांड्यांचा आवाज येत होता तो थांबला. मग ठेका लावला, चीज म्हटली, आणि सम आली ती तिघांचीहि एकदमच आली. भाचा मोठ्यानें हसला. आम्ही चष्मा पुसण्याच्या निमित्तानें जरा बाजूला वळलों.

महिन्याभरानें तो परत गेला. शनिवारचा पाठ अद्याप चालू आहे. तंबोरा त्याच्याकडे, ठेका त्याच्याकडे, आणि आम्ही 'म्यूट'. वरची मुलगी दुसऱ्या शहरांत शिकावयास गेली, पण अधूनमधून आपलें गाणें मुद्रित करून पाठविते. आमच्या पेटीवर पुन्हां अभ्रा चढलेला नाहीं. विशारद केव्हां होणार, असें आम्हां तिघांपैकीं कोणीहि अजून विचारलेलें नाहीं.